जुन्या अपग्रेडच्या पायऱ्या: काढायच्या की ठेवायच्या?

या महिन्याच्या टपालातली चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली. सॉफ्टवेअर पुढे गेलं, पण ते अपग्रेड कसं करायचं हे सांगणारी पानं आहेत तिथेच राहिली. रत्नागिरीत राहून सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिणं हेच माझं रोजचं काम असल्यामुळे, या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून या चारांनाच जागा दिली आहे.

प्रश्न : ताई, मी देवगडचा. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम घरूनच करतो. पतसंस्था आणि मच्छीमार सोसायट्यांच्या हिशेबाचं आमचं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या मॅन्युअलमधलं ‘अपग्रेड कसं करावं’ हे पान आता माझ्याकडे आलंय. सध्या व्हर्जन ७ चालू आहे, पण पानावर १ वरून २, २ वरून ३ अशा सगळ्या पायऱ्या अजून आहेत. माणूस वरून वाचायला लागतो आणि पहिल्याच परिच्छेदात अडकतो. मला ५ च्या आधीचं सगळं उडवायचंय. आमचे सिनियर म्हणतात, ‘असू दे रे, कुणाला तरी लागेल. काही खायला मागतंय का ते?’ कोणाचं बरोबर?

उत्तर : मला विचारशील तर ते खायला मागतं, आणि वाचणाऱ्याच्या हातातली सगळ्यांत महाग गोष्ट मागतं, ती म्हणजे वेळ. अपग्रेडचं पान कोणी हौसेने उघडत नाही. सोसायटीचा मॅनेजर ते उघडतो तेव्हा काउंटर बंद झालेला असतो, सर्व्हर थांबवलेला असतो, आणि उद्या सकाळी पहिला सभासद पासबुक घेऊन यायच्या आत सगळं पुन्हा सुरू व्हायला हवं असतं. त्यात पावसाळा असेल तर लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अशा माणसासमोर सहा उड्यांच्या पायऱ्या एकाखाली एक मांडल्या की त्यातली आपली कुठली हे शोधायचं काम आपण त्याच्यावर टाकतो. मग ज्या कमांडवर आधी नजर पडेल ती तो चालवतो. ती २ वरून ३ वर जाणाऱ्याची असली आणि याच्याकडे ६ असलं, तर एखादं टेबल पुसून नव्याने बांधायला घेणारी कमांडही त्यात असू शकते.

तेव्हा काढायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कशाच्या आधारावर काढायचं आणि काढल्यावर तिथे काय ठेवायचं, एवढंच ठरवू.

‘इतकी वर्षं झाली, म्हणजे जुनं’ असा वयाचा हिशेब लावू नकोस. पायरी आज तुमच्यातलं कोणी चालवून बघू शकतं का, ते बघ. तुमचं व्हर्जन १ विंडोज ७ च्या काळातलं असेल, तर त्या विंडोजचा मायक्रोसॉफ्टकडचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. तसं मशीन, तो डेटाबेस आणि तो इन्स्टॉलर जमवून १ वरून २ वर जाऊन बघणारं ऑफिसात कोणी उरलं नसेल, तर ती पायरी बरोबर आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही. जे आपल्याला तपासता येत नाही ते आपल्या नावाने चालू पानावर छापून ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. जुना डेटाबेस नव्या व्हर्जनवर आणून देणारं पीजी-अपग्रेड हे त्यांचं साधन ८.४ पासूनचे डेटाबेस घ्यायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हर्जन १५ आलं तेव्हा त्यांनी ती मर्यादा ९.२ वर आणली. त्याहून जुनी व्हर्जन्स आजच्या मशीनवर बांधून तपासणंच जिकिरीचं झालं होतं. १५ चं मॅन्युअल उघडलंस तर ‘९.२ आणि त्यापुढचे’ असं दिसेल. १४ चं उघडलंस तर तिथे अजूनही ८.४ च लिहिलेलं आहे, कारण १४ साठी तेच खरं आहे. कोडची मर्यादा हलली तशी त्या त्या व्हर्जनच्या मॅन्युअलमधली हलली, आणि मागच्या मॅन्युअलला कोणी हात लावला नाही.

आता तुझ्या सिनियरांबद्दल. त्यांना जो ‘कुणीतरी’ दिसतोय तो खराच आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं ते आठव. असा पूर आला की ऑफिसातला संगणक जातो, आणि हाती राहतो तो एखाद्या संचालकाच्या घरी कपाटात ठेवलेला बॅकअपचा पेनड्राइव्ह. तो किती जुना निघेल ते सांगता येत नाही. नवं मशीन येतं, त्यावर तुमचं व्हर्जन ७ बसतं, आणि माणूस व्हर्जन ३ चा बॅकअप हातात घेऊन त्याच्यासमोर बसतो. कदाचित त्याने दर वेळी वेळेवर अपग्रेड केलेलं असेल. तरीही आज त्याला ३ वरून ४ ची पायरी खरोखर हवी आहे. आपल्या किनारपट्टीवर हा माणूस अपवाद समजून चालणार नाही.

म्हणून पायऱ्या काढ, पण त्यांच्याकडे जायची वाट बुजवू नकोस. खाडीवर पूल झाला की माणसांना पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, बंद होते. तरीच्या धक्क्यावर येऊन उभ्या राहिलेल्याला पूल कुठे आहे हे सांगणारी पाटी मात्र लागतेच.

डेबियन लिनक्सवाले हे फार छान करतात. व्हर्जन १२ च्या रिलीज नोट्समध्ये फक्त ११ वरून १२ वर कसं यायचं ते दिलंय. त्याहून जुनं असेल त्याला सरळ सांगितलंय की आधी ११ च्या नोट्स वाचून ११ वर या. आणि त्या ११ च्या नोट्स आपल्या जुन्याच पत्त्यावर जशाच्या तशा उभ्या आहेत. पान छोटं राहतं आणि मागून येणारा कोणी वाऱ्यावर सुटत नाही.

तुझ्या पानावर अगदी माथ्याशी मी एवढं लिहीन:

‘हे पान व्हर्जन ५ किंवा ६ वरून ७ वर येणाऱ्यांसाठी आहे. तुमचं व्हर्जन कोणतं ते लॉगिनच्या स्क्रीनवर खाली दिसेल. ते ४ किंवा त्याआधीचं असेल, किंवा तुमच्याकडचा बॅकअप त्या काळातला असेल, तर इथल्या पायऱ्या चालवू नका. आधी व्हर्जन ५ वर या. त्याच्या पायऱ्या व्हर्जन ५ च्या मॅन्युअलमध्ये आहेत. व्हर्जन ५ चा इन्स्टॉलरही त्याच पानावर मिळेल.’

शेवटच्या वाक्याकडे नीट लक्ष दे. ‘आधी ५ वर या’ असं सांगायचं आणि ५ चा इन्स्टॉलर जागा वाचवायला सर्व्हरवरून पुसून टाकायचा, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. मग ती पाटी माणसाला बंद दारापाशी नेऊन सोडते. जुना इन्स्टॉलर, त्याचं मॅन्युअल आणि त्या मॅन्युअलच्या माथ्यावर ‘हे व्हर्जन आता सपोर्टमध्ये नाही’ अशी ठळक पट्टी, ही तिन्ही एकत्र जपा. वेबसाइट बांधायच्या जँगो या सॉफ्टवेअरच्या जुन्या डॉक्युमेंटेशनवर अशी पट्टी असते, ती बघून घे.

काढायला बसण्याआधी जुना भाग शब्दन् शब्द वाच. अशा पानांत एक गोष्ट हमखास सापडते. ‘आधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतोय ना ते बघा’ हे वाक्य पानावर एकदाच असतं, आणि ते नेमकं १ वरून २ च्या पायरीत असतं. पुढच्या प्रत्येक पायरीत फक्त ‘वरीलप्रमाणे बॅकअप घ्या’. तू वरचं उडवलंस की खाली ‘वरीलप्रमाणे’ लटकत राहील आणि वर काहीच नसेल. म्हणजे सगळ्या पानातली सगळ्यांत मोलाची सूचना जुन्याबरोबर वाहून जाईल. ती आधी उचलून प्रत्येक उरलेल्या पायरीच्या सुरुवातीला पूर्ण शब्दांत लिही. तीच गोष्ट ‘इन्व्हर्टर चालू आहे ना, ते बघून मगच सुरू करा’ या ओळीची. पुण्यात बसून लिहिणाऱ्याला ती फालतू वाटेल. देवगडला बसून लिहिणाऱ्याला वाटू नये.

दुसरी अडचण लिंकांची. तुमच्या व्हर्जन ३ चा इन्स्टॉलर अडला की तो स्क्रीनवर मॅन्युअलमधल्या एखाद्या विभागाची लिंक दाखवत असेल. ते व्हर्जन लोकांच्या मशीनवर बसून गेलं, त्यातली लिंक तुला आता बदलता येणार नाही. आणि लिंकमधल्या हॅश (#) चिन्हापुढचा, म्हणजे पानातला विभाग सांगणारा, भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. त्यामुळे पूर्ण पान हललं असेल तर रीडायरेक्टने, म्हणजे जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर पाठवून, भागतं, पण पानातला विभाग काढला तर सर्व्हरला ते कळतही नाही. माणूस पानाच्या माथ्यावर येऊन पडतो आणि आपण कशासाठी आलो होतो ते शोधत बसतो. त्यावर उपाय सोपा आहे. विभाग काढ, पण त्याचा आयडी, म्हणजे लिंकमध्ये हॅशपुढे येणारं नाव, ठेव आणि तो वर दिलेल्या परिच्छेदाला जोड. कोडमध्ये, ईमेलच्या ठरावीक मजकुरात, सपोर्टवाल्यांच्या व्हॉट्सॲप उत्तरांत त्या पानाची लिंक कुठे कुठे आहे तेही एकदा शोधून घे.

‘गिटमध्ये सगळा इतिहास असतोच की’ असं तुला कोणीतरी सांगेल. गिट म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल जपून ठेवणारं साधन. ते तुझ्यामाझ्यापुरतं खरं आहे. सोसायटीच्या मॅनेजरला गिट माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. त्याच्या दृष्टीने पानावर जे दिसत नाही ते नाहीच. गिटचा उपयोग एवढाच कर की काढण्याचा बदल वेगळा ठेव, त्यात दुसरी कसलीही सुधारणा मिसळू नकोस, आणि का काढलं ते दोन ओळींत लिही. उद्या काही परत आणायचं झालं तर सोपं जाईल.

आणि सगळ्यांत आधी सपोर्टचे फोन घेणाऱ्यांना विचार की ४ किंवा त्याआधीचं व्हर्जन अजून कोणाकडे आहे. त्यांना गावासकट सांगता येईल. अशा संस्था मोजक्याच निघाल्या तर पान बदलण्याआधी त्यांना फोन करून ५ वर आणून ठेवा. मॅन्युअल कितीही चांगलं लिहिलं तरी त्या फोनची बरोबरी त्याला नाही.

प्रश्न : आमचं सिंधुदुर्गातलं तालुक्याच्या गावचं वाचनालय. पुस्तकांची देवघेव कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर चालते, मशीनवर डेबियन १० आहे. इंटरनेटवर एका पानावर ‘सोर्सेस-लिस्ट फाइलमध्ये जुन्या व्हर्जनच्या नावाच्या जागी नवं नाव घाला, बस्स’ असं वाचून (पॅकेजेस कुठून उतरवायची ते या फाइलमध्ये असतं) आमच्या सहायकाने तसं केलं. सिक्युरिटीच्या ओळीपुढे ‘रिलीज फाइल नाही’ असा एरर आला. आम्ही घाबरून तिथेच थांबलो. ते पान खोटं होतं का? आता पुढे काय करावं? – ग्रंथपाल

उत्तर : मॅडम, थांबलात हे फार चांगलं केलंत. एवढ्याने काही बिघडलेलं नसतं, फाइल पूर्ववत करता येते.

ते पान लिहिलं त्या दिवशी बरोबर होतं. अनेक वर्षं डेबियनमध्ये नाव बदललं की काम व्हायचं. पण १४ ऑगस्ट २०२१ ला व्हर्जन ११ आलं तेव्हा सिक्युरिटीच्या ओळीची घडणच बदलली. डेबियनच्या प्रत्येक व्हर्जनला नाव असतं, १० चं ‘बस्टर’ आणि ११ चं ‘बुल्सआय’. १० ला ती ओळ ‘बस्टर’, मग तिरपी रेघ, मग ‘अपडेट्स’ अशी होती. ११ पासून ती ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ अशी झाली. नुसतं नाव बदललं की ‘बुल्सआय’, तिरपी रेघ, ‘अपडेट्स’ अशी ओळ तयार होते आणि त्या नावाचं सर्व्हरवर काहीच नाही. तुम्हाला दिसला तो एरर हाच. पुढे व्हर्जन १२ ला आणखी एक बदल झाला, फर्मवेअरसाठी, म्हणजे मशीनच्या भागांना चालायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा वेगळा विभाग आला. त्या पानाला या दोन्हींचा पत्ता नाही. ज्याने कोणी ते लिहिलं त्याने वर ‘हे १० पर्यंतच लागू’ एवढी एक ओळ घातली असती तर तुमची संध्याकाळ वाचली असती.

पुढचं असं करा. आधी ‘कोहा-डम्प’ चालवून बॅकअप घ्या, पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो पेनड्राइव्ह वाचनालयाबाहेर कोणाच्या तरी घरी ठेवा. मग डेबियनच्या स्वतःच्या साइटवरच्या ११ च्या रिलीज नोट्स उघडून १० वरून ११ वर या. ते नीट चाललं, दोन-चार दिवस देवघेव सुरळीत झाली, की १२ च्या नोट्स घेऊन १२ वर जा. १० वरून थेट १२ वर उडी मारू नका, डेबियन ती उडी मान्य करत नाही. जुनी व्हर्जन्स मुख्य सर्व्हरवरून काही काळाने डेबियनच्या संग्रहाच्या सर्व्हरवर हलतात, त्यामुळे १० ची पॅकेजेस मिळेनाशी झाली असतील तर ती तिथे शोधा.

परक्या पानाचं वय ओळखायची एक खूण सांगते. त्यावर ‘ॲप्ट-की ॲड’ अशी कमांड दिसली की ते पान बंद करा. पॅकेज खऱ्या ठिकाणाहूनच आलंय हे मशीन एका किल्लीवरून पडताळतं. त्या पद्धतीने घातलेली किल्ली मशीन सगळ्याच सोर्सेससाठी विश्वासाची मानतं, म्हणजे कोहासाठी घातलेल्या किल्लीवर डेबियनच्या नावाने आलेलं पॅकेजही चालून जाऊ शकतं. म्हणून ती पद्धत मोडीत काढली. आता किल्लीची वेगळी फाइल ठेवतात आणि सोर्सच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून ती त्या सोर्सपुरतीच बांधतात. कोहाचं वय तर व्हर्जनच्या आकड्यातच असतं. २२.११ म्हणजे नोव्हेंबर २०२२.

कोहाच्या डेटाबेसची मात्र फार काळजी करू नका. जुन्या व्हर्जनपासून नव्यापर्यंतचे मधले सगळे बदल त्याच्या अपडेटच्या प्रोग्रॅममध्येच साठवलेले आहेत, आणि तो ते क्रमाने चालवतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांसाठी हे सॉफ्टवेअर तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये सुरू झालं. लहान गावच्या ग्रंथपालाला काय झेपेल याचा विचार त्यात मला आजही दिसतो. देवगडच्या वाचकानेही हे वाचावं: पायरी प्रोग्रॅममध्ये घालता येत असेल तर ती मॅन्युअलमध्ये लिहायची वेळच येत नाही.

प्रश्न : मी अलिबागजवळ राहते आणि एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलचा मराठी अनुवाद करते. मूळ इंग्रजीतून जुन्या अपग्रेडचा विभाग काढून टाकला. माझ्या पीओ फाइलमध्ये, म्हणजे मूळ वाक्यं आणि त्यांचे अनुवाद जोडीने ठेवणाऱ्या फाइलमध्ये, ते सगळे अनुवाद आता तळाला जाऊन पडलेत, प्रत्येक ओळीपुढे हॅश आणि नागमोडी खूण. बऱ्याच रात्री जागून केलेलं काम आहे. पुसायला हात होत नाही.

उत्तर : पुसू नका, निदान इतक्यात नको. तळाला गेलेल्या त्या ओळी वाचकाला दिसत नाहीत, त्यामुळे त्यांचा कोणाला त्रास नाही. पुढे मूळ मजकुरात तसंच एखादं वाक्य पुन्हा आलं तर फाइल जुळवणारा प्रोग्रॅम तुमचा अनुवाद तिथून उचलून सुचवतो. बॅकअपच्या, सर्व्हर थांबवण्याच्या सूचना तर शब्दशः परत येतात. एक-दोन व्हर्जन्स गेल्यावरही काही उपयोगाला आलं नाही तर मग काढा.

वर ‘फझी’ असा शिक्का बसलेल्या ओळी मात्र आधी हातावेगळ्या करा. मूळ वाक्य बदललं पण अनुवाद जुनाच आहे, असा त्याचा अर्थ. तो शिक्का घाईने काढू नका. तो असेपर्यंत तिथे इंग्रजी वाक्य दिसतं. मराठीत चुकीची कमांड मिळण्यापेक्षा इंग्रजीत बरोबर मिळालेली केव्हाही चांगली.

मला खरी काळजी वाटते ती पीओ फाइलच्या बाहेरच्या मजकुराची. त्याच विभागाचं मराठी कोणी पीडीएफ करून ठेवलं असेल, गटाच्या विकीवर चिकटवलं असेल. मूळ काढल्याचं त्या प्रतींना कळत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला पडताळून बघायला आणखी दहा पानं मिळतात. मराठी वाचणाऱ्याला अनेकदा तेच एक पान सापडतं, आणि आपल्या भाषेत आहे म्हणून तो त्यावर जास्त भरवसा ठेवतो. त्या प्रती शोधा. ज्यांनी ठेवल्यात त्यांना कळवा. तुमच्याइतकं ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

प्रश्न : दापोली तालुक्यात संगणक वर्ग घेतो. ‘विंडोज ७ वरून १० वर कसं जावं’ याच्या माझ्या झेरॉक्स नोट्स मुलं एकमेकांना देत असतात. त्या अजून चालतील का?

उत्तर : नाही, सर. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या झेरॉक्सवरून आज कोणी जुनं मशीन १० वर आणलं तर मेहनत करून ते अशा व्हर्जनवर पोचेल जिथे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट येतच नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची चिप लागते आणि ७ च्या काळातली बहुतेक मशीनं त्यात बसत नाहीत. अशांसाठी लिनक्सच्या नोट्स काढा.

नव्या नोट्सच्या प्रत्येक पानाच्या तळाला व्हर्जन, महिना आणि वर्ष छापा. पहिल्याच पानावर छापलं तर झेरॉक्स मारताना तेच पान गळतं. आणि नवी बॅच सुरू होईल तेव्हा पहिल्या तासाला जुने कागद मागून घ्या. जो जुना देईल त्याला तिथल्या तिथे नवा द्या.